एका निळ्या कोटाची गोष्ट

युरोपात पुरुषांच्या कपड्यांचे दोन हंगाम असतात. जानेवारीत पुढच्या हिवाळ्याचे कपडे दाखवायचे आणि जूनमध्ये पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्याचे, असा तिथला रिवाज आहे. आधी फ्लॉरेन्सचा व्यापारी मेळा, मग मिलान, मग पॅरिस. वर्षातून दोनदा निघणारी ही एक वारीच म्हणा ना! एरवी आपल्याकडे तिची दखल आतल्या पानावरच्या एखाद्या छायाचित्रापलीकडे जात नाही. जून २०२५ मध्ये मात्र वेगळे घडले. मिलानमध्ये प्राडा या कंपनीच्या पुरुषांच्या कलेक्शनमध्ये रॅम्पवर चालणाऱ्या तरुणांच्या पायांत जी चप्पल दिसली, ती कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातल्या शेंबड्या पोरानेही ओळखली असती. ज्या कोल्हापुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिचे नावही तिथे कुठे नव्हते. इकडे ओरड झाली, पत्रे गेली आणि शेवटी या चपलेमागची प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे, हे कंपनीने मान्य केले.

त्या गदारोळात साऱ्यांचे डोळे पायांकडे होते, हे स्वाभाविकच. मी मात्र त्या निमित्ताने अशा कलेक्शनची छायाचित्रे पायांपासून वरपर्यंत पाहू लागलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. दरवर्षीचा हंगाम वेगळा असला, तरी भांडण एकच आहे. एका बाजूला धीट मंडळी: भडक रंग, अवाढव्य खांदे, चमचमत्या टिकल्या, पुरुषाने घालू नये असे ज्याला म्हणतात ते सगळे. दुसऱ्या बाजूला अभिजात मंडळी: गडद निळा कोट, पांढरा शर्ट, नेमका बेतलेला, अंगाबरोबर बसणारा कपडा. यंदा धीटपणा जिंकला, की अभिजातपणा परतला, एवढाच फॅशनच्या वार्ताहरांपुढचा प्रश्न. या भांडणाचा उगम शोधत गेले, की आपण दोनशे वर्षांपूर्वीच्या लंडनमधल्या दोन माणसांपाशी येऊन थांबतो. त्यांतला एक इंग्लंडचा युवराज होता. दुसरा होता एका हुजऱ्याचा नातू. आज ज्याला आपण अभिजात म्हणतो, ते त्या काळात सर्वांत धीट होते आणि ते त्या हुजऱ्याच्या नातवाने आणले होते.

त्याचे नाव जॉर्ज ब्रायन ब्रमेल. जगाने त्याला बो ब्रमेल म्हटले; बो म्हणजे फ्रेंचमध्ये देखणा. जन्म ७ जून १७७८ चा, लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवरचा. पत्ता भारदस्त वाटतो, पण घराण्यात सरदारकी नव्हती. आजोबा बड्या घरचे हुजरे होते. पुढे ते स्वतःच्या घरातल्या खोल्या सभ्य गृहस्थांना भाड्याने देऊ लागले. वडील मात्र हुशारीने वर चढत पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांचे खासगी चिटणीस झाले आणि बऱ्यापैकी माया जमवून त्यांनी खेड्यात मोठे घर घेतले. मुलाला ईटनच्या शाळेत घातले. तिथून तो ऑक्सफर्डला गेला, पण तिथे काही महिनेच टिकला. १७९४ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी, सोळाव्या वर्षी, हा मुलगा युवराजाच्या खास घोडदळात अधिकारी म्हणून दाखल झाला.

पलटणीत त्याने काय पराक्रम केला, असे विचारण्यात अर्थ नाही. घोड्याने पाडले आणि नाकाचे हाड मोडले, एवढीच त्याची युद्धातली जखम. पण त्याच्यापाशी दोन गोष्टी होत्या: तिखट विनोदबुद्धी आणि कोणापुढेही न दबणारा थंडपणा. त्याच्याहून सोळा वर्षांनी मोठा असलेला युवराज या पोरावर भाळला. १७९६ पर्यंत ब्रमेल कॅप्टन झाला. १७९८ मध्ये पलटण मँचेस्टरला हलवण्याचा हुकूम निघाला. गिरण्यांच्या त्या गावात राहण्याची कल्पनाच सहन न होऊन त्याने राजीनामा दिला, असे सांगतात. सज्ञान झाल्यावर वडिलांच्या मिळकतीतले वीस हजार पौंडांहून अधिक त्याच्या हाती आले आणि मेफेअर भागात चेस्टरफील्ड स्ट्रीटवरच्या ४ क्रमांकाच्या घरात त्याने बिऱ्हाड थाटले. पदवी नाही, जमीन नाही, हुद्दा नाही. पुढची जवळजवळ अठरा वर्षे या माणसाने लंडनच्या बड्या लोकांना काय घालावे आणि काय घालू नये, हे शिकवले.

त्याने नेमके काय केले, हे कळायला त्याच्या आधीचा पुरुष डोळ्यांपुढे आणावा लागेल. अठराव्या शतकातला युरोपीय उमराव आज आपल्यापुढे उभा राहिला, तर तो नाटकातला राजा वाटेल. मखमल, रेशीम, जरतारी, मनगटावर लेस, डोक्यावर पीठ फासलेला टोप आणि टाचांचे बूट. स्वतः युवराजाने १७८३ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात आपली जागा घेतली तेव्हा गुलाबी अस्तराचा, भरतकाम केलेला काळा मखमली पोशाख घातला होता. बुटांच्या टाचाही गुलाबी होत्या. या झगमगाटाखाली अंघोळ मात्र क्वचितच असे. तिची उणीव अत्तराने भरून काढायची.

ही इमारत ब्रमेलच्या आधीच हलू लागली होती, हेही सांगायला हवे. १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीनंतर रेशमी तुमान घालणे पॅरिसमध्ये जिवावर बेतू लागले. इंग्लंडमधले जमीनदार घोड्यावरून शेते पाहत फिरत, त्यामुळे साधा लोकरी कोट आणि चामडी बूट त्यांच्या सवयीचेच होते. १७९५ मध्ये पंतप्रधान पिट यांनी केसांच्या पावडरीवर माणशी एक गिनी कर बसवला, आणि अनेकांनी पावडरीला रामराम ठोकला. ब्रमेलनेही टोप आणि पावडर टाकून केस आखूड कापले. त्याने एकही नवा कपडा शोधून काढला नाही. खेड्यातला घोडेस्वाराचा वेश त्याने उचलला, त्यातले सगळे अनावश्यक काढून टाकले आणि उरले ते इतके अचूक केले, की ते राजवाड्यात मिरवता येईल.

दिवसा गडद निळा लोकरी कोट, पितळी बटणांचा. फिक्या बदामी रंगाचे जाकीट. हरणाच्या कातड्याची घट्ट तुमान आणि गुडघ्याखालपर्यंतचे काळे बूट. संध्याकाळी निळा कोट, पांढरे जाकीट आणि घोट्यापाशी बटणे लावलेली काळी विजार. जरीचा एक धागा नाही, अत्तराचा थेंब नाही. मग बघायचे काय? बेत बघायचा! शिंपीकामातला आपला हा जुना शब्द इथे चपखल बसतो. रेशमावर फुले काढता येतात, पण त्याला वळण देता येत नाही. लोकरीचे तसे नाही. ती ओलवावी, ताणावी, गरम इस्त्रीने दाबावी, म्हणजे सपाट कापडाला छातीचा, खांद्याचा गोलवा येतो. लंडनच्या शिंप्यांना ही विद्या अवगत होती आणि ब्रमेलला ती ओळखण्याची नजर होती. वेस्टन, मेयर, श्वाइत्सर अँड डेव्हिडसन या त्याच्या शिंप्यांची नावे इतिहासात राहिली, ती या गिऱ्हाइकामुळे. कोटाची किंमत आता त्यावर टाकलेल्या सोन्यावर राहिली नाही. ती कापणाऱ्याच्या कात्रीवर आणि घालणाऱ्याच्या नजरेवर आली.

आणि गळ्याभोवतीचा तो पांढरा क्रॅव्हॅट! आजच्या टायचा हा पूर्वज म्हणजे मलमलीचे एक लांबरुंद वस्त्र. इतरांच्या गळ्याशी ते ओघळून लोंबत असे. ब्रमेलने त्याला खळ घातली. सकाळी आरशापुढे मान मागे टाकून फूटभर उंचीचे ते कापड तो गळ्याभोवती गुंडाळी, आणि मग हनुवटी अगदी हळूहळू खाली आणत त्याला हव्या तशा चुण्या पाडी. पहिल्या प्रयत्नात जमले तर ठीक. चुकले तर ते वस्त्र दुरुस्त करायचे नाही; टाकून द्यायचे आणि नवे घ्यायचे. त्याचा हुजऱ्या चुरगळलेल्या क्रॅव्हॅटांचा ढीग हातावर घेऊन जिना उतरताना दिसे, आणि हे आजचे फसलेले प्रयोग आहेत, असे शांतपणे पाहुण्यांना सांगे.

हे पाहायला पाहुणे येत असत, ही यातली खरी गंमत. दाढी, दात, अंघोळ, स्वच्छ कपडे, सारे मिळून काही तास चालणारा हा सोहळा बघायला खुद्द युवराज येऊन बसे. ज्याची कर्जे १७९५ मध्ये सहा लाख पौंडांच्या पुढे गेली होती, ज्याने कपड्यांवर आणि महालांवर अतोनात पैसा उधळला, तो भावी राजा एका हुजऱ्याच्या नातवाला अंघोळ करताना आणि गळपट्टा बांधताना शिष्यासारखा पाहत होता. दृश्य उलटे झाले होते. राजाच्या उठण्या-नेसण्याचा विधी दरबाराने पाहायचा, ही युरोपातली जुनी रीत. इथे राजाच दरबारी झाला होता.

मला ब्रमेलचे चरित्र वाचावेसे वाटते ते या उलथापालथीसाठी. जरतारी वारशाने मिळते, टापटीप मिळत नाही. जो पोशाख अचूकपणा आणि स्वच्छता यांवर उभा असतो, त्यात तत्त्वतः कोणालाही शिरता येते. मात्र तत्त्वतः हा शब्द इथे महत्त्वाचा. ब्रमेलचा साधेपणा स्वस्त मुळीच नव्हता. काटकसरीने राहिले, तर पुरुषाच्या कपड्यांना वर्षाला आठशे पौंड पुरतील, असे त्याने एकदा सांगितल्याची आख्यायिका आहे. तेव्हा लंडनमधल्या कुशल कारागिराला आठवड्याला सुमारे एक पौंड मिळत असे. शिवाय रोजची ती पांढरी शुभ्र वस्त्रे कोणी तरी धूत होते, त्यांना खळ घालत होते, इस्त्री करत होते. शिंप्यांची नावे उरली. धुणाऱ्या बायकांची उरली नाहीत. कोल्हापुरी चपलेच्या भांडणाचे मूळही इथेच कुठे तरी आहे. साधेपणा मिरवणारा दिसतो, घडवणारा दिसत नाही.

शिवाय ब्रमेलची शिस्त कापडापुरती होती, हीच त्याची शोकांतिका. जीभ आणि जुगार यांना त्याने कधी लगाम घातला नाही. बेडफर्डच्या ड्यूकने मोठ्या हौसेने आपला नवा कोट दाखवला, तर ब्रमेलने कॉलर चिमटीत धरून या वस्तूला कोट म्हणायचे का, अशी शंका काढली. लोक हसले, कारण हसे दुसऱ्याचे होत होते. १८११ मध्ये युवराज वेड्या बापाच्या वतीने राज्यकारभार पाहू लागला आणि त्याच सुमारास दोघांत बिनसले. जुलै १८१३ मध्ये ब्रमेल आणि त्याच्या तीन मित्रांनी दिलेल्या मेजवानीला युवराज आला, इतरांशी बोलला आणि ब्रमेलकडे त्याने पाहिलेही नाही. तेव्हा ब्रमेलने मोठ्या आवाजात लॉर्ड अल्व्हनलीला विचारले, की तुझा हा लठ्ठ मित्र कोण? आयुष्यभर सुटत चाललेले पोट कंबरपट्ट्यात आवळणाऱ्या युवराजाच्या हे किती वर्मी लागले असेल, ते सांगायला नको.

तरीही तो लगेच कोसळला नाही, हे विशेष. युवराजाचा सख्खा भाऊ यॉर्कचा ड्यूक आणि त्याची पत्नी यांनी त्याला अंतर दिले नाही. आणखी तीन वर्षे लंडनचे दरवाजे त्याला उघडे होते. त्याला बुडवले ते जुगाराने. वेटियर्स क्लबात रात्रीच्या रात्री चालणाऱ्या खेळात वाडवडिलांची पुंजी गेली, मग मित्रांच्या जामिनावर काढलेली कर्जे गेली. १६ मे १८१६ च्या संध्याकाळी त्याने घरी थंड कोंबडी आणि वाइन घेतली, नेहमीच्या रुबाबात ऑपेराला हजेरी लावली आणि रातोरात डोव्हर गाठून तो फ्रान्समध्ये उतरला. आठवड्याच्या आत ख्रिस्टीच्या लिलावात त्याची चिनी मातीची भांडी, पुस्तके आणि मद्यसाठा विकला गेला. वय होते ३७.

पुढची चोवीस वर्षे उतरणीची. त्यांतली चौदा कॅलेमध्ये गेली. इंग्लंडहून येणारा-जाणारा प्रत्येक बडा प्रवासी या बंदरातूनच जाई. जुने मित्र जेवण देत, पैसे देत. यॉर्कच्या डचेससाठी त्याने चित्रे चिकटवून एक मोठा घडीचा पडदा करायला घेतला. १८२० मध्ये ती वारली आणि पडदा अर्धवट राहिला. १८२१ मध्ये, आता राजा झालेला त्याचा जुना मित्र हॅनोव्हरला जाताना कॅलेतून गेला. गावभर मेजवानीची धामधूम होती. ब्रमेलला बोलावणे आले नाही.

१८३० मध्ये त्याला कान या गावी ब्रिटिश वकिलाची जागा मिळाली. पगार वर्षाला ४०० पौंड. त्यांतले ३२० कॅलेच्या सावकारांकडे परस्पर जायचे ठरले होते. अधिक चांगली जागा मिळेल या आशेने त्याने लंडनला कळवले, की या कचेरीत काही कामच नाही. सरकारने त्याचे म्हणणे मानले, १८३२ मध्ये कचेरी बंद केली आणि दुसरी जागा दिली नाही. मे १८३५ मध्ये कर्जापायी त्याला अटक झाली. तुरुंगातही त्याला अंघोळीला भरपूर पाणी लागे. लंडनच्या मित्रांनी वर्गणी काढून काही आठवड्यांनी त्याला सोडवले. त्यानंतर केव्हा तरी गावाने पाहिले, की ब्रमेलच्या गळ्यात पांढऱ्या मलमलीऐवजी काळे रेशीम आले आहे. काळ्याला रोजची धुलाई लागत नाही. त्याच्या गरिबीची याहून स्पष्ट कबुली दुसरी नव्हती.

शेवटी उपदंशाने मेंदू गेला. कधी कधी संध्याकाळी तो हॉटेलातल्या आपल्या खोलीत मेणबत्त्या लावायला सांगे, पत्त्यांचे टेबल मांडायला लावी. नोकराने दार उघडून डेव्हनशरची डचेस आल्याची वर्दी द्यायची. ती जाऊन तीस वर्षे झाली होती. ब्रमेल उठून, वाकून, रिकाम्या हवेला हात देऊन खुर्चीपर्यंत आणी. दहा वाजता नोकर गाड्या आल्याचे सांगे आणि मैफल संपे. ज्या माणसाने चुणीइतका तपशीलही नजरेतून सुटू दिला नाही, त्याला आपले मळलेले कपडे आता दिसत नव्हते. ३० मार्च १८४० रोजी कानच्या बाँ सोव्हर मनोरुग्णालयात तो वारला.

चारच वर्षांत कॅप्टन जेसीने त्याचे दोन खंडांत चरित्र लिहिले आणि १८४५ मध्ये बार्बे दोरव्हिली या फ्रेंच लेखकाने त्याच्यावर निबंध लिहिला. निळ्या कोटाचे मात्र कोणाला चरित्र लिहावे लागले नाही. तो जगभर पसरला. पुरुषाने नटणे सोडून दिले, त्या घटनेला पुढे १९३० मध्ये फ्ल्यूगेल या मानसशास्त्रज्ञाने पुरुषांचा महान त्याग असे नाव दिले. साम्राज्याबरोबर कोट-विजार आपल्याकडेही आली. बहुतेकांनी ती कचेरीसाठी घातली, लग्नात एकदा शिवली आणि डांबराच्या गोळ्या घालून कपाटात ठेवली. पण एका माणसाच्या अंगावर तिचा अर्थ पालटला. १९२१ मध्ये मदुराईत गांधीजींनी पंचा स्वीकारला, तो गरिबांशी नाते सांगण्यासाठी. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमका बेतलेला सूट सोडला नाही. ज्यांनी काय नेसायचे आणि कोणता दागिना घालायचा नाही हे गाव ठरवत होते, त्यांच्यातला एक माणूस जगातल्या कोणत्याही सभेत बसेल असा पोशाख स्वतः निवडत होता. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांनाही सांगितले, की जात ओळखू येईल अशी लुगडे नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाका, स्वच्छ राहा. आज गावोगावच्या पुतळ्यांवर दिसतो तो निळा कोट. ब्रमेलच्या कोटाचा तो वंशज असेल, पण हेतूने दोघांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ब्रमेलला त्या कोटाने राजाच्या शेजारी उभे राहायचे होते आणि तिथे पोहोचल्यावर पुढे काय करायचे, हे त्याला सुचले नाही. बाबासाहेबांचा कोट ग्रंथालयांत, न्यायालयांत आणि घटना समितीत कामाला लागला.

लंडनच्या जर्मिन स्ट्रीटवर, शर्ट शिवणाऱ्या जुन्या पेढ्यांच्या रस्त्यात, २००२ पासून ब्रमेलचा पुतळा उभा आहे. त्याच्या हाडवैऱ्या मित्राचेही वारस कमी नाहीत. रॅम्पवरची प्रत्येक गुलाबी टाच त्या युवराजाची आठवण काढते, आणि तीही जगात हवीच. पण सकाळी आठच्या सुमारास चर्चगेटला उतरणारा लोंढा पाहावा. इस्त्रीचा फिका शर्ट, गडद पँट, नीट भांग. त्यांतल्या कोणाचे आजोबा काय होते, हे त्या शर्टावरून सांगता येत नाही. तो शर्ट रात्री घरात कोणी धुतला आणि पहाटे नाक्यावर कोणी इस्त्री केला, हेही सांगता येत नाही.